कासव, एक नग

कासव खिडकीखालून गेलं तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि त्याच वेळी ते कपाटात होतं.

ही दोन विधानं एका छपराखाली नांदू शकत नाहीत, हे भांडारपालांच्या ध्यानात यायला चहाचे दोन घोट लागले. पहिल्या घोटाला त्यांनी नुसतं पाहिलं. माणसाच्या उंचीचं, हिरवंगार, पाठीवर कवच बांधलेलं, दोन पायांवर डुलत निघालेलं विद्यापीठाचं कासव. मागे पंचवीस-तीस पोरापोरींचं टोळकं, पिवळे झेंडे, पिपाण्या. कासवानं मान वर केली, थेट त्यांच्या खिडकीकडे पाहिलं आणि पंजा हलवला. भांडारपालांनी हात केला नाही. अनोळखी कासवाला हात करायची त्यांची पद्धत नव्हती. दुसऱ्या घोटाला त्यांना आठवलं की त्या कासवाच्या कपाटाच्या किल्ल्या आपल्याच कमरेला आहेत. चहा तिथेच राहिला.

कपाटाला दोन कुलुपं. एक विद्यापीठाचं, आणि विद्यापीठाच्या कुलपावर विश्वास नसल्यामुळे एक स्वतःचं. दोन्ही उघडली. कासव आत होतं. धड खुंटीवर, पंजे पिशवीत, डोकं वरच्या फळीवर. डोकं नेहमीसारखंच बघत होतं, म्हणजे त्याला काहीतरी ठाऊक आहे पण ते सांगणार नाही, असं. भांडारपाल कपाट लावून खिडकीशी गेले. कासव ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर लोकांशी हात मिळवत होतं. परत कपाट उघडलं. कासव आत. असं तीनदा झाल्यावर ते खुर्चीत बसले आणि पाणी प्यायले. एकच माणूस दोन ठिकाणी दिसला तर डॉक्टरकडे जातात. कासव दिसलं तर कोणाकडे जावं, याचं परिपत्रक निघालेलं नव्हतं.

हे कासव म्हणजे विद्यापीठाचा अधिकृत शुभंकर. अठरा वर्षांपूर्वी एका समितीनं पाच बैठका घेऊन तो ठरवला. सिंह शेजारच्या विद्यापीठानं आधीच पळवला होता. घोड्याच्या आत दोन माणसं लागतात आणि मागच्या माणसाचा मान कसा राखायचा यावर तिसरी बैठक मोडली. शेवटी कासवावर एकमत झालं, कारण कासवाबद्दल कोणालाच काही वाटत नव्हतं. दरवर्षी विद्यापीठ सप्ताह भरतो. पोरं एका रंगाचे कपडे घालतात, घोषणा देतात, दोरीखेच खेळतात, एकमेकांच्या तोंडाला पिवळा रंग फासतात आणि याला विद्यापीठाबद्दलची आपुलकी म्हणतात. या आपुलकीला लागणारं सगळं सामान, म्हणजे दोरखंड, झेंडे, कर्णे, खुर्च्या आणि कासव, भांडारपालांच्या ताब्यात. पोरं त्यांना मागून कुलूपकाका म्हणत. त्यांना हे माहीत होतं. यात टोमणा आहे की कौतुक, याचा मात्र अकरा वर्षं छडा लागला नव्हता.

अकरा वर्षांचं कारण असं. अकरा वर्षांपूर्वी एका उंच, लटपट्या पोरानं कासव घालून कारंज्यात उडी मारली आणि कासवाचं पोट टरकन् फाटलं. दुसऱ्याच दिवशी वार्षिक पडताळणी. भांडारपालांच्या साठा-पुस्तकात दर वर्षी एकच शेरा पडत आलेला : 'तफावत : निरंक.' म्हणजे जे लिहिलंय ते आहे, आणि जे आहे ते धड आहे. त्या दिवशी भांडारपालांनी आयुष्यातली एकमेव बेकायदा गोष्ट केली. कासव पोत्यात घालून, कुठेही नोंद न करता, घरी नेलं. बायकोनं एका दुपारात पोट शिवलं आणि आतून त्यांच्या जुन्या तपकिरी चौकड्यांच्या कोटाचं ठिगळ लावलं. पडताळणी झाली. 'सुस्थितीत.' निरंक.

पण माणूस त्या रात्रीपासून बदलला. त्यांनी कासवासाठी नवा मागणी-अर्ज तयार केला. त्यावर तीन सह्या : विभागप्रमुखांची, वसतिगृहप्रमुखांची, आणि मागच्या वापरकर्त्याची, 'मी वस्तू सुस्थितीत परत केली' म्हणून. मागचा वापरकर्ता म्हणजे तो लटपट्या. तो शिकून जो परदेशी गेला तो गेला. तेव्हापासून कासव कोणाला मिळालेलं नाही आणि त्याला ओरखडाही उठलेला नाही. भांडारव्यवस्थेचा यापेक्षा मोठा विजय तो कोणता?

तीन आठवड्यांपूर्वी विद्यार्थी-प्रतिनिधी कासव मागायला आली होती. आखूड केसांची, बुटकी, बोलण्यात तरतरीत मुलगी. भांडारपालांनी तिच्यापुढे अर्ज सरकवला. तिनं तो वाचला, तिसऱ्या सहीशी थांबली, आणि हसून म्हणाली, "ठीक आहे काका. बघते काहीतरी."

तिचं ते हसू आता भांडारपालांना आठवलं. तो अर्ज वाचून माणसं चिडायची, हात जोडायची. एक जण तर रडला होता. हसलं कोणी नव्हतं.

आणि वेळ तरी कसली साधलेली! शुक्रवारी चार वाजता पडताळणी. महिनाअखेरीला भांडारपाल निवृत्त. तीस निरंक झाले होते, एकतिसावा बाकी होता. माणसाच्या मागे मुलंबाळं राहतात, घर राहतं. भांडारपालांच्या मागे तीस निरंक राहणार होते.

"साहेब, कासवं दोन असली तर?" शेजारच्या टेबलावरचा आवक-जावक कारकून म्हणाला. हा माणूस आवकही वाचायचा आणि जावकही, त्यामुळे त्याला सगळ्यांचं सगळं माहीत.

"पुस्तकात एक आहे."

"पुस्तकात एक आहे हो. मैदानात?"

भांडारपालांनी पुस्तक जवळ ओढलं. पुस्तक आणि मैदान यांत फरक निघाला तर मैदान चुकीचं असतं, हे ज्याला कळत नाही त्याच्याशी काय बोलणार? शिवाय याच्या चपलेला हिरवा दोरा चिकटलेला होता. त्यांनी ते मनात टिपून ठेवलं. नंतर पाहिलं तर त्यांच्याही बुटाला तसाच दोरा होता. तेही टिपून ठेवलं.

दुपारी ते सुरक्षा विभागात गेले.

"काय चोरीला गेलं?" सुरक्षाप्रमुखानं विचारलं.

"काही नाही. एक जास्त आहे."

सुरक्षाप्रमुखानं पेन खाली ठेवलं. "जास्तीची तक्रार आम्ही घेत नाही."

"अहो, पण ते कासव तोतया आहे!"

"कोणाला चावलं का?"

कुलसचिवांच्या कार्यालयाला त्यांनी लेखी कळवलं. तिथून तासाभरात उत्तर आलं, आणि तासाभरात उत्तर येणं हेच संशयास्पद होतं. 'सदर कासव कोणत्या विभागाचे आहे हे प्रथम स्पष्ट करावे.' भांडारपालांनी ते पत्र चारदा वाचलं. विभाग सांगता आला असता तर पत्र कशाला लिहिलं असतं?

संध्याकाळी जिन्यात फौजदार भेटले. शेजारी राहणारे, निवृत्त, पण चौकशीची सवय न गेलेले. दूधवाला पाच मिनिटं उशिरा आला तरी त्याचा जबाब घेतात. त्यांनी सगळं डोळे मिटून ऐकलं.

"कपाटाला कागदाची पट्टी चिकटवा, वर सही करा. फाटली तर काम आतल्या माणसाचं. आणि संशयिताला कळू देऊ नका."

"संशयित कोण पण?"

"सगळेच. घरच्यांसकट." फौजदारांनी डोळे उघडले. "विशेषतः घरचे."

भांडारपालांना राग आला. चौतीस वर्षांचा संसार! ते तडक घरात शिरले. बायको शिवणयंत्राशी होती. त्यांना पाहताच तिनं काहीतरी टोपलीत कोंबलं आणि त्यावर चादर टाकली.

"काय शिवतेस?"

"पडदे."

"हिरवे?"

"खिडकीला काळे लावू का? हातपाय धुवा, चहा टाकते."

पडद्यांचं ते गेला आठवडाभर ऐकत होते. खिडकीला पडदा काही चढला नव्हता. पण निवृत्तीच्या तोंडावर असलेल्या माणसाला एका वेळी एकच संशय झेपतो.

मंगळवार-बुधवार भांडारपालांनी पाळतीत घालवले. कासव सगळीकडे होतं. उपाहारगृहात रांगेत उभं होतं, गणित विभागाच्या दारात नाचत होतं, कुलगुरूंच्या गाडीपुढे आडवं गेलं तेव्हा कुलगुरूंनी काच खाली करून त्याला नमस्कार केला. एकतीस वर्षांत कुलगुरूंनी भांडारपालांसाठी काच खाली केलेली नव्हती. कपाटावरची पट्टी मात्र शाबूत. सही तीच. त्यांनी ती भिंगातून तपासली आणि आपली सही आपल्यालाच थोडी वेगळी वाटते, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

बुधवारी त्यांनी कासवाला उपाहारगृहाच्या दारात गाठलं.

"तू कोणत्या विभागाचा?"

कासवानं सलाम ठोकला. पोरं खदखदली.

"मी भांडारपाल आहे. उत्तर दे."

"काका, कासव बोलत नसतं," प्रतिनिधी मुलगी म्हणाली. "नियम आहे. तुमच्याच अर्जाच्या मागे छापलाय. कलम सात."

होता खरा. त्यांनीच घातला होता. कासवानं स्वतःच्या गळ्यातली पिवळी फीत काढून भांडारपालांच्या गळ्यात घातली, कोणीतरी फोटो काढला, आणि संध्याकाळपर्यंत तो सूचनाफलकावर लागला. खाली लिहिलं होतं : 'दोन दिग्गज.' आवक-जावक कारकुनानं चष्मा पुसून मुद्दाम विचारलं, "यातले तुम्ही डावीकडचे का?"

खरा घाव गुरुवारी बसला. दोरीखेचेत कासव शेवटच्या जागी होतं. दोर सुटला, कासव उताणं पडलं आणि कासवासारखंच पडून राहिलं. चारही हातपाय हवेत, उठता येईना. भांडारपाल धावले. मदतीला नव्हे, पाहणीला. पडताना पोटाची शिवण उसवली होती आणि फटीतून आतली बाजू दिसत होती. तिथे तपकिरी चौकड्यांचं ठिगळ होतं. त्यांच्या कोटाचं. मानेच्या आत काळ्या दोऱ्यानं क्रमांक : वि.क./शुभं/१.

भांडारपालांच्या पायाखालची हिरवळ सरकली. म्हणजे हे खरं! म्हणजे आपण गेले तीन दिवस पट्टी लावून राखलं ते खोटं! ते दोन दोन पायऱ्या चढत भांडारात आले, पट्टी फाडली, कुलुपं उघडली, कासवाचं पोट उलटं केलं. तपकिरी चौकड्यांचं ठिगळ. वि.क./शुभं/१.

आता दोन्ही खरी होती. दोन खोटी परवडली असती.

घरी जाऊन त्यांनी खुंटीवरून तो जुना कोट काढला. समोरून धड होता. मागून नव्हताच. पाठीच्या जागी चौकोनी आरपार खिडकी.

"अगं, माझ्या कोटाची पाठ कुठाय?"

"कसर लागली होती," बायको आतून म्हणाली.

"कसर काय मोजपट्टी लावून खाते?"

"हल्लीची कसर तशीच असते."

भांडारपाल खुर्चीत बसले आणि त्यांनी शांतपणे तर्क चालवला. घरात कोण येतं? फौजदार येतात. कोट कुठे टांगलेला असतो, हे कोणाला ठाऊक? फौजदारांना, मागे एकदा त्यांनीच त्यावर छत्री अडकवली होती. घरच्यांवर संशय घ्या, असं सांगून स्वतःवरची नजर कोणी वळवली? फौजदारांनी. साखळी पुरी झाली. हेतू तेवढा सापडेना. निवृत्त फौजदाराला कासव कशाला हवं? पण मोठ्या कारस्थानात हेतू शेवटीच सापडतो, असं त्यांनी खुद्द फौजदारांकडूनच ऐकलं होतं.

तरीही शुक्रवारी सकाळी सल्ल्याला ते फौजदारांकडेच गेले. दुसरं होतं कोण?

"कासवाला धरायचंय?" फौजदार म्हणाले. "माणसाला पोरं जवळ फिरकू देणार नाहीत. कासवाजवळ कासवालाच जाता येतं. वेषांतर!"

शुक्रवारी तीन वाजता भांडारपाल कपाटापुढे उभे होते. तीन सह्यांचा अर्ज टेबलावर कोरा पडला होता. मागच्या वापरकर्त्याची सही त्यांना तरी कोण देणार? चारच्या आत त्या दुसऱ्या कासवाला मैदानातून उचलून कुठेतरी लपवलं नाही, तर पडताळणीला एकाच क्रमांकाचे दोन नग निघणार आणि चौकशी ठिगळापाशी पोचणार. ठिगळापासून पोत्यापाशी. पोत्यापासून घरी. त्यांनी दाराला कडी लावली, अर्ज पालथा घातला आणि कासवात शिरले.

"साहेब, चष्मा काढा, धुकं धरेल," आवक-जावक कारकून पाठीमागची चेन वर ओढत म्हणाला. साक्षीदार म्हणून भांडारपालांना तो नको होता, पण चेन पाठीला होती.

"चष्म्याशिवाय मला कासव दिसणार कसं?"

"बरं. पोट आत घ्या. अजून. साहेब, कासव कमरेत बारीक आहे हो."

आत अंधार होता आणि डांबरगोळ्यांचा अठरा वर्षांचा साठा. तोंडाच्या फटीतून मैदानाची एक चिंचोळी पट्टी दिसायची, तीही वाफाळलेली. भांडारपाल मैदानावर पोचले तेव्हा आधी माना वळल्या. मग कोणीतरी ओरडलं, "दोन! दोन आहेत!" आणि जो गलका उठला त्यात पिपाण्याही बुडाल्या. पोरं मिठ्या मारू लागली. भांडारपालांना इतक्या माणसांनी एकत्र मिठी कधी मारली नव्हती. प्रत्येक मिठीला ते खिसे तपासायचे, पण कासवाला खिसे नव्हते.

मैदानाच्या मधोमध दुसरं कासव पाठमोरं उभं होतं. भांडारपालांनी जाऊन त्याचं मनगट गच्च पकडलं.

"हात सोडा," आतून आवाज आला. "शिवण उसवेल."

चौतीस वर्षं हा आवाज त्यांना हात धुवायला, रांगेत उभं राहायला आणि कमी बोलायला सांगत आला होता.

"तू?"

"हळू बोला. कासव बोलत नसतं."

"तू इथे काय करतेस?"

"आतल्या मुलाची तीनला परीक्षा होती. काल पोट उसवलं ते शिवायला आले, तर पोरगं रडकुंडीला आलेलं. म्हटलं, जा बाळा, मी थांबते."

एवढ्यात कर्ण्यातून प्रतिनिधी मुलीचा आवाज घुमला. "विद्यापीठाच्या इतिहासात पहिल्यांदाच! दोन कासवं! म्हणून आता होणार सावकाश शर्यत! पन्नास पावलं. थांबायचं नाही, मागे फिरायचं नाही. जो शेवटी पोचेल तो जिंकला!"

पोरांनी दोघांना पांढऱ्या रेषेवर नेऊन उभं केलं. साडेतीन वाजले होते. भांडारपालांना नाही म्हणायचं होतं, पण कलम सात आडवं आलं. शिट्टी वाजली.

पन्नास पावलं ही तशी काही मोठी चाल नव्हे. पण ती सावकाश चालायची असली आणि शेजारी बायको असली, तर फार लांब पडते.

"पडदे म्हणालीस," पहिल्या पावलाला भांडारपाल म्हणाले.

"तुम्हाला खरं सांगितलं असतं तर अर्ज दिला असतात." पाऊल. "ती मुलगी फोटो घेऊन घरी आली होती. काकू, असं शिवाल का, म्हणून. मी म्हटलं, याचं पोट मी ओळखते."

"आणि क्रमांक? विद्यापीठाचा क्रमांक घातलास?"

"जसं होतं तसं शिवलं. तेव्हा कागदावर उतरवून ठेवलं होतं सगळं. अर्धवट काम मला चालत नाही."

"ठिगळसुद्धा? अगं, नव्या कपड्याला ठिगळ कोण लावतं?"

"त्याशिवाय ते कासव वाटेना."

दोन्ही बाजूंना पोरं ओरडत होती. हिरवा! हिरवा! पण दोघंही हिरवीच असल्यामुळे बाजू कोणाची घ्यायची, हे ठरत नव्हतं. एक मुलगा मित्राला म्हणाला, "कुलूपकाका रिटायर होतोय म्हणे." दुसरा म्हणाला, "मग कपाट कोण सांभाळणार? कपाट रडेल रे." भांडारपालांनी फटीतून त्यांच्याकडे पाहिलं. दोघंही हसत नव्हते, त्यामुळे संशय आणखी बळावला.

विसाव्या पावलाला बायको म्हणाली, "सोमवारी अकराला तुमच्या खिडकीखालून मीच गेले."

भांडारपालांचा पाय हवेत राहिला.

"थांबू नका, बाद व्हाल. पहिला दिवस, कुठे काचतंय का बघत होते. वर बघून हात केला. तुम्ही ढिम्म."

"मला काय माहीत आत कोण आहे!"

"म्हणूनच केला. म्हटलं बघू, ओळख नसताना तरी हा माणूस हात करतो का."

पुढची दहा पावलं भांडारपालांनी मनात मोजून टाकली. मग वाफाळलेल्या फटीतून त्यांना मैदानाच्या कडेला फाइल छातीशी धरून उभ्या असलेल्या पडताळणी अधिकारी बाई दिसल्या. बाईंनी घड्याळ पाहिलं. भांडाराच्या इमारतीकडे पाहिलं. आणि त्या निघाल्या.

"मला जायला हवं," भांडारपाल म्हणाले.

"पळालात तर हराल."

भांडारपाल पळाले. उरलेली वीस पावलं त्यांनी अशी कापली की शर्यतीचा निकाल पाहायला पंचांनाही मान वळवायला वेळ मिळाला नाही. पोरांनी त्यांची हुर्यो उडवली.

मागच्या जिन्यानं ते बाईंच्या आधी भांडारात पोचले. कपाट उघडं, चेन पाठीला, कारकून दारात.

"चेन! चेन ओढ!"

कारकुनानं ओढली. ती दोन बोटं उतरली आणि अडकली. जिन्यात बाईंच्या चपला वाजल्या. माणसाच्या हातून अशा वेळी जे होतं ते सुचून होत नाही, होऊन जातं. भांडारपाल कपाटात शिरले, खुंटीला पाठ लावली आणि नग झाले.

"भांडारपाल कुठे आहेत?"

"इथेच असतील मॅडम," कारकून म्हणाला. बोलला त्यात खोटं काही नव्हतं.

बाईंनी पेन्सिल काढली. दोरखंड, सहा. झेंडे, चाळीस. कर्णे, तीन. एकेक बरोबर निघत होतं आणि दर बरोबरला कपाटातल्या अंधारात भांडारपालांच्या छातीत सनई वाजत होती. "शुभंकर कासव, एक," असं म्हणून बाई कपाटापुढे आल्या. त्यांनी कवचावर थाप मारली.

"जड दिसतंय."

"भरलेलं आहे मॅडम."

"ओलसर लागतंय."

"भिंतीला ओल आहे."

बाईंनी मानेत बोट घालून क्रमांक वाचला. 'एक नग, सुस्थितीत.' पेन्सिल कागदावर टेकली. तेवढ्यात दारात दुसरं कासव उभं राहिलं. गळ्यात विजेत्याचा पिवळा पट्टा, मागे प्रतिनिधी मुलगी.

बाईंनी याच्याही मानेत बोट घातलं. क्रमांक वाचला. मग खुर्चीत बसून नियमपुस्तक उघडलं आणि बराच वेळ चाळलं. "कमी असेल तर फॉर्म आहे. मोडलं असेल तर फॉर्म आहे. जास्तीला काही नाही," त्या म्हणाल्या. "कुठे कधी जास्त भरलंच नाही." मग त्या कासवाकडे वळल्या. "डोकं काढा."

बायकोनं डोकं काढलं. केस कपाळाला चिकटलेले, पण चेहरा तिचाच.

"हे तुम्ही शिवलंत? विद्यापीठाच्या क्रमांकाची नक्कल केलीत? हा गुन्हा आहे, माहीत आहे? नाव सांगा."

कपाटात भांडारपाल ताठ उभे होते. आणखी पाच मिनिटं नग राहिलं की काम झालं असतं. एक नग, सुस्थितीत, निरंक, एकतीस. बाहेर बायको म्हणत होती, "लिहा माझं नाव. यात दुसऱ्या कोणाचा संबंध नाही." चौतीस वर्षांत ती त्यांच्यासमोर इतकं सरळ खोटं कधी बोलली नव्हती. निदान त्यांच्या माहितीत नव्हती.

"संबंध आहे," कासव म्हणालं.

बाईंची पेन्सिल पडली.

"पहिलं ठिगळ मी लावून घेतलं," भांडारपाल कपाटातून बाहेर पडत म्हणाले. डोकं निघेना, म्हणून ते तसेच बोलले. "अकरा वर्षांपूर्वी. नोंद न करता घरी नेलं. तिनं फक्त समोर होतं ते पाहून शिवलं. आणि आज मी हे विनाअर्ज घातलंय. लिहा."

मग प्रतिनिधी मुलीनं खिशातून चौपदरी घडीचा एक कागद काढला. तीन आठवड्यांपूर्वीचा अर्ज. दोन सह्या झालेल्या, तिसरी जागा रिकामी.

"काका, मागचे वापरकर्ते आता तुम्हीच ना?"

भांडारपालांनी अर्ज फटीपुढे धरून वाचला. स्वतःच लिहिलेला, अकरा वर्षं अभेद्य राहिलेला. त्यात कुठेही भोक नव्हतं, आणि त्या न सापडणाऱ्या भोकातून मुलगी आरपार निघाली होती. सही केली तर लेखी कबुली, आणि तीस निरंकांच्या खाली काय येईल ते येईल. नाही केली तर कासव पुन्हा कपाटात, आणि हे दुसरं गुन्ह्यात जमा.

त्यांनी उजवा पंजा दातांनी ओढायचा प्रयत्न केला, पण दात आतल्या बाजूला होते. शेवटी बायकोनं तो ओढून काढला. त्यांनी सही केली.

पडताळणी अधिकारी बाईंनी साठा-पुस्तक पुढे ओढलं. त्या बराच वेळ लिहीत होत्या. मग पुस्तक फिरवून त्यांनी भांडारपालांपुढे धरलं. 'शुभंकर, एक नग. वापरात आढळला. दुसरा नग खाजगी, घरगुती. तफावत : निरंक.'

"वापरात आढळला," भांडारपालांनी दोनदा वाचलं. "असा शेरा असतो?"

"असतो. मला लिहायची पहिल्यांदा वेळ आली," बाई म्हणाल्या आणि फाइल छातीशी धरून निघून गेल्या.

चेन कापूनच काढावी लागली. दोन्ही कासवं शेजारी शेजारी वाळत घातली. संध्याकाळी एक मुलीनं नेलं आणि एक कपाटात गेलं. कोणतं कोणतं, ते भांडारपालांना सांगता येईना.

"अगं, खरं कुठलं होतं?" त्यांनी वाटेत विचारलं.

"दोन्हीचं ठिगळ तुमच्याच कोटाचं," बायको म्हणाली, आणि तो विषय तिच्यापुरता मिटला.

निवृत्तीला अजून दहा दिवस होते. सोमवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी भांडारपाल चहा घेऊन खिडकीशी उभे राहिले. खालून कासव चाललं होतं. सप्ताह संपला होता, टोळकं नव्हतं, झेंडे नव्हते, आणि सुट्टं कासव सोमवारी सकाळी कुठे निघालंय हे सरळ सरळ संशयास्पद होतं. त्यानं मान वर केली.

भांडारपालांनी कप खाली ठेवला, आधी चौफेर पाहिलं, मग हात केला. कासवानं केला नसतानाही. आत कोण आहे ते सांगता येत नव्हतं, आणि संध्याकाळी घरी जायचं होतं.